शिफ्ट करू म्हणाले

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, डॉक्टर आमच्याशी दोन-तीन मिनिटं बोलले. तरुण होते, रात्रभर जागलेले दिसत होते, तरी बोलण्यात घाई नव्हती. म्हणाले, "काकू, काका आता ट्रीटमेंटला रिस्पॉन्ड करत नाहीयेत. यापुढे अग्रेसिव्ह काही करण्यात पॉइंट नाही. आपण त्यांना कम्फर्टेबल ठेवू. पॅलिएटिव्ह केअरकडे शिफ्ट करू." आईने मान हलवली. त्यांनी हात जोडले आणि ते आत गेले.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "शिफ्ट करू म्हणाले. कुठल्या वॉर्डात गं?"

मी अनुवादक आहे. मराठीतून इंग्रजीत आणि बंगाली-इंग्रजीतून मराठीत वाक्यं ने-आण करणं हाच माझा वीस वर्षांचा उद्योग. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ मला त्याच क्षणी पूर्ण कळला होता. आईला मी म्हणाले, "अजून नक्की नाही. पण जरा शांत खोली मिळेल बहुतेक." तिला बरं वाटलं. "कम्फर्टेबल ठेवणार म्हणाले, म्हणजे त्या नळ्या काढतील," असं ती स्वतःशीच म्हणाली. नळ्या काढणार होतेच. तेवढं तिचं बरोबर होतं.

पाचव्या दिवशी पहाटे बाबा गेले. आई तेव्हा घरी होती.

त्या पाच दिवसांत आईपासून एक गोष्ट लपून राहिली. ती कुणी लपवली, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. डॉक्टरांनी, इंग्रजीने, की मी? पहिल्यांदा मी इंग्रजीला जबाबदार धरलं, कारण ते सर्वांत सोयीचं होतं. मराठी वाक्यांत घुसलेल्या इंग्रजीबद्दल तक्रार करायला आपल्याकडे नेहमीच चार माणसं जमतात. पण विचार करत गेले तसं ते उत्तर टिकेना.

एक तर आईला इंग्रजी शब्दांचं वावडं नव्हतं. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण तिच्या मराठीत कुकर, गॅस, पेन्शन, बी.पी., टेन्शन, ॲडजस्ट हे सगळे शब्द घरच्या भांड्यांसारखे वापरात होते. 'शिफ्ट' हा तर तिच्या संसारातला शब्द. बाबा एकतीस वर्षं कारखान्यात होते. फर्स्ट, सेकंड आणि नाइट या तीन शिफ्टांवर आमच्या घरातलं जेवण, झोप, पाहुण्यांचं येणं-जाणं ठरत असे. शिवाय त्याच आठवड्यात बाबांना वॉर्डातून अतिदक्षता विभागात 'शिफ्ट' केलं होतं. म्हणजे शब्द तिला ठाऊक होता. 'कम्फर्टेबल' ठाऊक होता. 'पॅलिएटिव्ह' एवढा एक सोडला तर डॉक्टरांच्या वाक्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द तिने कधी ना कधी ऐकला होता. तिला जे कळलं नाही ते या शब्दांनी मिळून केलेलं कारस्थान. "आपण त्यांना कम्फर्टेबल ठेवू" याचा अर्थ "आता ते वाचणार नाहीत" असा होतो, हे त्या शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही. वाक्प्रचार म्हणजे हेच. मराठी शिकणाऱ्या माणसाला हात म्हणजे काय आणि तूर म्हणजे काय हे सांगता येतं, पण "हातावर तुरी देऊन पळाला" हे त्याला त्यावरून कळत नाही. ते कळायला त्या लोकांत राहावं लागतं. डॉक्टर ज्या लोकांत राहत होते त्यांत मी होते, आई नव्हती.

दुसरं असं की बोलण्यावर पांघरूण घालायला मराठीला इंग्रजीची गरज कधीच पडली नव्हती. आपण नारळ फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो. बांगडी फुटली तरी 'वाढवली'. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. माणूस मेला असं आपण सहसा म्हणत नाही. तो गेला, वारला, निवर्तला, देवाघरी गेला. 'एक्स्पायर झाले' हा त्याच ओळीत नंतर येऊन बसलेला पाहुणा. त्याचा मूळ लॅटिन अर्थ श्वास बाहेर टाकणं असा आहे, म्हणजे आपल्या 'प्राण सोडला'पासून तो फार लांबचा नाही. हिंदीत आणि बंगालीतही तो असाच रुळला आहे. आणि ज्या 'पॅलिएटिव्ह' शब्दाने आईला चकवलं, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'पॅलियम', म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र आहे. मराठीतलं 'पांघरूण घालणे' दोन्ही कामं करतं: थंडी वाजणाऱ्यावर घालतात तेही पांघरूण आणि चुकांवर घालतात तेही.

मग फरक कुठे आहे? मला वाटतं तो इथे आहे. 'नारळ वाढवला' म्हटल्यावर नारळ फुटला आहे हे देवळातल्या लहान पोरालाही कळतं. 'येते' म्हणणारी सून चालली आहे हे सासूला दिसतं. पांघरुणाखाली काय आहे हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. दोघं मिळून ते झाकतात. म्हणून त्याला आपण रीत म्हणतो, सभ्यता म्हणतो. पांघरुणाखालचं एकालाच माहीत असेल तर तीच गोष्ट फसवणूक होते. मग ते पांघरूण इंग्रजी असो, संस्कृत असो की अस्सल गावरान मराठी असो.

ही कसोटी मला भाषाशुद्धीच्या कसोटीपेक्षा अधिक कामाची वाटते. भाषाशुद्धीची आपली परंपरा जुनी आहे. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या काळात झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी ती चळवळ पुढे नेली. दिनांक, महापौर हे शब्द आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. फार्शी-मराठी कोश करणाऱ्या माधव जूलियनांनीच पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, याचं मला कौतुक वाटतं. घरात काय काय आलं आहे हे ज्याने मोजलं त्यालाच काय बाहेर काढावं याचा विचार सुचला. पण त्या व्हरांड्यात डॉक्टर जर म्हणाले असते, "रुग्ण उपचारांना प्रतिसाद देत नाही, आपण उपशामक उपचारांकडे वळू," तर आईला काय कळलं असतं? 'शिफ्ट'मुळे तिला निदान एक प्रश्न तरी विचारता आला. 'उपशामक' ऐकून तिने पदर सावरून नुसती मान हलवली असती.

शिवाय शुद्ध काय म्हणायचं? 'हिमनगाचं टोक' आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी हिमनग चित्रातच पाहिला आहे. मैलाचा दगड, लालफीत, पांढरा हत्ती, मधुचंद्र हे सगळे इंग्रजीतून मराठी कपडे घालून आले. त्याआधी 'कंबर बांधणे' आणि 'शपथ खाणे' फारसीतून असेच आले. मधुचंद्राला गेलेल्या कुठल्या जोडप्याला आपण भाषांतरात राहतो आहोत असं वाटलं असेल? वाक्प्रचार परका आहे की आपला हे त्याच्या जन्मावरून ठरत नाही. तो किती लोकांना उघडतो यावरून ठरतं.

व्याकरणाकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या देशातल्या कितीतरी भाषांनी इंग्रजी शब्द घरात घेताना एकच युक्ती केली. शब्द इंग्रजी ठेवायचा आणि मागे आपलं 'करणे' जोडायचं. हिंदीत 'करना', बंगालीत 'करा', तमिळमध्ये 'पण्णु', कन्नडमध्ये 'माडु'. 'ॲडजस्ट' जिथे जातो तिथे त्याला अशी सोबत लागते. अर्थ बाहेरचा, पण कुणी केलं, कधी केलं, एकाने की अनेकांनी, मान देऊन की न देता, हे सगळं सांगायचं काम घरच्या क्रियापदाकडेच राहतं. 'एक्स्पायर झाले' यातला आदर त्या 'झाले'मध्ये आहे. आणि पळवाटही तिथेच असते. "मिस्टेक केली" आणि "मिस्टेक झाली" यांत इंग्रजी तेवढंच आहे. अंग काढून घेतलंय ते 'झाली'ने, आणि ते काम ती 'चूक झाली'मध्येही तितक्याच सफाईने करते. तेव्हा जबाबदारी टाळल्याचा आळ इंग्रजीवर घालताना मराठी क्रियापदाची साक्ष आधी काढलेली बरी.

इंग्रजीने मोकळं केलं अशीही उदाहरणं माझ्यासमोर आहेत, आणि ती वगळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. माझ्या आजीच्या वेळी घरातली बाई 'बाहेरची' व्हायची, तिला 'कावळा शिवायचा'. माझी भाची आज वडिलांना सहज सांगते, "पीरियड्स आहेत, आज पोहायला नाही जात." आमच्या गल्लीतल्या एका बाईला लोक 'टाकलेली' म्हणत. त्या एका कृदंतात नवरा कर्ता होता आणि ती टाकून दिलेली वस्तू. आज तिच्यासारखीच बाई म्हणते, "मी डिव्होर्स घेतला." घेणारी ती. 'डोक्यावर परिणाम झालाय' याच्या जागी 'डिप्रेशन आहे' आलं, आणि कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी चढू शकली. इथे मराठी वाक्प्रचारात शतकांचा न्यायनिवाडा आधीच भरलेला होता. इंग्रजी शब्द रिकामा होता, त्यावर कुणाचं बोट उमटलं नव्हतं, म्हणून तो उपयोगी पडला.

पण हाच रिकामेपणा दुसरीकडे वेगळ्या कामाला येतो. भाड्याने घर शोधताना आम्ही एका सोसायटीत गेलो होतो. मालक अतिशय गोड बोलले. चहा दिला. माझ्या नवऱ्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग म्हणाले, "ॲक्च्युअली आम्ही प्युअर व्हेज फॅमिली प्रेफर करतो. नथिंग पर्सनल, सोसायटीचे रूल्स आहेत." हेच त्यांना मराठीत म्हणावं लागलं असतं तर? "तुम्ही मासे खाता, तुमच्या जातीची माणसं आम्हाला इमारतीत नकोत." ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं, निदान चहा देऊन तरी नसतंच. 'नथिंग पर्सनल' इतकं वैयक्तिक मला दुसरं काही कुणी बोललेलं आठवत नाही. आणि मौज म्हणजे इथे पांघरुणाखाली काय आहे हे दोघांनाही माहीत होतं. माझी कसोटी इथे अपुरी पडते, हे मी कबूल करते. दोघांना माहीत असणं पुरेसं नाही. ते झाकून ठेवण्यात दोघांचं हित आहे का, हेही विचारावं लागतं. नारळ 'वाढवण्यात' कुणाचं नुकसान नाही. 'नथिंग पर्सनल'मध्ये एकाची लाज झाकली जाते आणि दुसऱ्याला घर मिळत नाही.

अनुवाद करताना ही गोष्ट रोज आडवी येते. समजा, मराठी कथेतला कचेरीतला साहेब पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या विधवेला म्हणतो, "आय ॲम हेल्पलेस, बाई." मराठीत या वाक्याला उंची आहे. तो खुर्चीवरून एका परक्या भाषेत उठला आणि 'बाई' म्हणून पुन्हा खाली बसला. इंग्रजीत नेलं की सगळं एकाच पातळीवर येतं. दोघांमधली भिंतच नाहीशी होते आणि साहेब खरोखरच असहाय वाटायला लागतो. बंगालीत किंवा कन्नडमध्ये नेलं तर मात्र ती भिंत जशीच्या तशी उभी राहते, कारण त्या भाषांच्या कचेऱ्यांतही तीच खुर्ची आहे. तुलनात्मक साहित्याचं एम.ए. करताना भारतीय भाषांना जोडणाऱ्या धाग्यांबद्दल बरंच वाचलं होतं. रामायण होतं, भक्ती होती. 'आय ॲम हेल्पलेस' हाही असा एक धागा असेल, असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुन्हा व्हरांड्याकडे. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या व्यवसायाची ती बोली आहे आणि त्यांनी ती मराठीत बसवायचा प्रयत्न केला. दिवसातून अनेकदा "वाचणार नाहीत" हे वाक्य मराठीत उच्चारायचं तर माणसाला किती पुरून उरावं लागेल, याचा मला अंदाज आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात धरला, तेव्हा मला वाटलं होतं की हा हक्क जिथे वापरायचा ती जागा शेवटी असाच एखादा व्हरांडा असणार. आणि तिथे निर्णय कुठल्या भाषेत सांगितला गेला, यावर तो हक्क कुणाचा राहिला हे ठरणार. आईने मान हलवली होती. कागदावर तिची संमतीच होती.

राहिले मी. मला दोन्ही भाषा येत होत्या. वाक्य कसं करायचं तेही येत होतं. "आई, बाबा आता वाचणार नाहीत. त्यांना त्रास होऊ नये, एवढंच आता बघणार आहेत." यात कठीण शब्द एकही नाही, शब्दकोश उघडावा लागत नाही. आयुष्यात इतकं सोपं भाषांतर मला क्वचितच करावं लागलं असतं. मी ते केलं नाही. आईला जपण्यासाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, तिच्या चेहऱ्याकडे बघत ते वाक्य बोलण्यापासून मी स्वतःला जपलं. डॉक्टरांचं इंग्रजी मला आयतं मिळालं. त्यांनी घातलेलं पांघरूण मी फक्त तिच्या बाजूने खोचून दिलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना गं?"

मी म्हणाले, "सॉरी, आई."

'सॉरी'चं मूळ इंग्रजीत दुखण्याशी आहे. बोलणारा म्हणतो, मला दुखतंय. 'माफ कर' अरबी-फारसीतून आलेलं. ते समोरच्याकडे काहीतरी मागतं. मराठीचं आपलं असं जे आहे ते 'माझं चुकलं'. त्यात दुखणं नाही, मागणं नाही. काहीतरी चुकलं आणि ते माझं आहे, एवढंच. हे सगळं मला माहीत आहे, यावर मी तासभर बोलू शकते. आणि तरी त्या दिवशी तोंडातून 'सॉरी' निघालं, कारण ते लगेच म्हणता येतं आणि म्हटल्यावर फारसं काही उरत नाही.

आईने जुडीतला पिवळा पाला बाजूला काढला. म्हणाली, "मी त्या रात्री घरी गेले नसते. एवढंच."

मग मी ते मराठीत म्हणाले. तिने "असू दे" म्हटलं. 'असू दे'चं भाषांतर मी अजून कुठल्याच भाषेत करू शकलेले नाही. ते क्षमा आहे की नुसती थकलेली परवानगी, हे मी तिला कधी विचारलं नाही.